वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या घंटेआधी

या खेपेला आलेल्या पत्रांत प्रोग्रॅमच्या खिडकीत बटणं कशी मांडायची, रंग कोणते द्यायचे हे कोणीच विचारलेलं नाही. जवळजवळ सगळ्यांची गाडी फलाटावरून सुटतानाच अडकली आहे. प्रोग्रॅम उघडत नाही, उघडतो पण सेटिंग विसरतो, माझ्याकडे चालतो आणि दुसऱ्याकडे नाही. म्हणून हे पानभर उत्तर एकाच विषयाला दिलं आहे, प्रोग्रॅम सुरू होताना कशाआधी काय करायचं. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत, त्याबद्दल राग मानू नये.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम पायथन आणि पायसाइडमध्ये करतोय. मित्राने वेगळ्या फाइलीत सगळे रंग, चिन्हं आणि लाल अक्षरांतलं ‘थकबाकी’चं लेबल तयार करून ठेवलं. ती फाइल जोडली आणि प्रोग्रॅम उघडायच्या आधीच बंद पडायला लागला. टर्मिनलवर एकच ओळ येते, क्यूविजेटच्या आधी क्यूअ‍ॅप्लिकेशन करायला हवं अशा अर्थाची, ‘क्यूविजेट : मस्ट कन्स्ट्रक्ट अ क्यूअ‍ॅप्लिकेशन बिफोर अ क्यूविजेट’. पण क्यूअ‍ॅप्लिकेशन तर आम्ही मुख्य फाइलीत इम्पोर्ट संपल्यावर लगेच, पहिल्याच ओळीला केलं आहे. मग आधी काय करायचं राहिलं? (भांडुप)

उत्तर : तुझ्या पत्रातच उत्तर आहे, ‘इम्पोर्ट संपल्यावर’. इम्पोर्ट म्हणजे दुसऱ्या फाइलीशी नुसती तोंडओळख नव्हे. पायथन ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवतो. मित्राने लेबल कोणत्याही फंक्शनच्या आत न ठेवता फाइलीत मोकळंच लिहिलं असणार. म्हणजे तुझी ‘पहिली ओळ’ यायच्या आत ते लेबल (पडद्यावर दिसणारी अशी प्रत्येक वस्तू म्हणजे क्यूविजेट) जन्माला आलं, आणि त्या क्षणी क्यूअ‍ॅप्लिकेशनचा पत्ताच नव्हता.

आता हे नसलं तर अडतं कुठे, ते नीट समजून घे, कारण एवढं कळलं की या पानावरचे निम्मे प्रश्न तुझे तुला सुटतील. क्यूअ‍ॅप्लिकेशन तयार होतं तेव्हा ते पडद्यामागे बरंच काम उरकतं. विंडोज असो, मॅक असो, लिनक्सवरचं एक्स-इलेव्हन किंवा वेलँड असो, त्या खिडकी-व्यवस्थेशी ते जोडणी करतं. किती पडदे जोडलेत, त्यांची घनता किती, संगणकात फॉन्ट कोणते, चालू शैली कोणती, रंगांचा संच कोणता, हे गोळा करतं. माउस आणि कीबोर्डकडून येणाऱ्या घटनांची रांग उभी करतं. ‘थकबाकी’ हा शब्द किती रुंद होईल हे लेबलला सांगायचं तर फॉन्ट ठाऊक हवा, आणि फॉन्ट सांगणारा अजून आलेलाच नाही. म्हणून क्यूटी, म्हणजे पायसाइडच्या पोटात असलेला खिडक्या-बटणांचा मूळ संच, तिथल्या तिथे प्रोग्रॅम थांबवतं. पुढे कुठेतरी विचित्र जागी कोसळण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं, असं मला वाटतं.

माझे वडील गिरणीत पहिल्या पाळीला जायचे आणि संध्याकाळी कामगार रंगभूमीच्या नाटकांचं नेपथ्य लावायचे. मी लहानपणी विंगेत लाकडी पेटीवर बसून राहायची. पहिल्या घंटेला फ्लॅट उभे, दुसऱ्या घंटेला प्रॉपर्टीच्या टेबलावरून शेवटची नजर, तिसरी घंटा झाली की पडदा. एका प्रयोगात विंगेतून टेलिफोनची घंटा वाजली आणि रंगमंचावर टेलिफोनच ठेवलेला नव्हता. नटाने वेळ मारून नेली, पण त्या रात्री वडील जेवले नाहीत. पडदा उघडल्यावर ती वस्तू ठेवायला कोणी जाऊ शकत नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि पुढे नोकरीत रोज उपयोगी पडलं. आपल्या धंद्यात एक्झेक ही ओळ, जिथून प्रोग्रॅम माउस आणि कीबोर्डच्या घटना घ्यायला लागतो, म्हणजे तिसरी घंटा. तिच्या आधी काय मांडायचं आणि कोणत्या क्रमाने, हाच खरा प्रश्न असतो.

उपाय सोपा आहे. मित्राच्या फाइलीतलं लेबल एका फंक्शनमध्ये किंवा क्लासच्या इनिटमध्ये घाल, म्हणजे बोलावल्यावरच ते तयार होईल. रंग आहेत तिथे राहिले तरी चालतील. क्यूकलर ही नुसती किंमत आहे, तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. चिन्हांची मात्र काळजी घे. चित्र क्यूपिक्समॅपमध्ये ठेवलंस तर तो खिडकी-व्यवस्थेशी बांधलेला असतो आणि तोही असाच अडवतो, क्यूइमेजमध्ये ठेवलंस तर तो अडवत नाही.

क्रम मी माझ्या मुलांना असा शिकवते. काही गुणधर्म असे असतात की ते क्यूअ‍ॅप्लिकेशनच्या आधीच ठरवावे लागतात. दाट पडद्यावर खिडकी मोठी करून दाखवण्याचा गुणधर्म क्यूटी ५ मध्ये असाच आधी लिहावा लागे, क्यूटी ६ मध्ये तो कायमच चालू असल्यामुळे ती ओळ काढून टाक. मग क्यूअ‍ॅप्लिकेशन. त्याला आज्ञेच्या ओळीवरची यादी, म्हणजे सिस-आर्गव्ही, जरूर दे. त्यामुळे ‘-स्टाइल फ्यूजन’ असं लिहून प्रोग्रॅम वेगळ्या शैलीत उघडून बघता येतो, आणि स्वतःसाठी असलेले असे शब्द क्यूटी यादीतून उचलून घेतं, उरलेले तुला मिळतात. त्यानंतर लगेच संस्थेचं नाव आणि प्रोग्रॅमचं नाव. मग सेटिंग वाचणं, मग फॉन्ट आणि शैली, आणि शेवटी खिडकी.

नावांची ओळ पुष्कळजण गाळतात. क्यूसेटिंग्जला काही न सांगता बोलावलं तर ते याच दोन नावांवरून आपली जागा ठरवतं. विंडोजवर रजिस्ट्रीत, लिनक्सवर घरच्या फोल्डरातल्या कॉन्फिगमध्ये, मॅकवर प्लिस्ट फाइलीत. नावं ठरायच्या आधी सेटिंग वाचायला गेलीस तर हाती काही लागणार नाही.

आणखी एक, कारण तू पुढच्या आठवड्यात यावरच अडखळशील. खिडकी एखाद्या फंक्शनमध्ये तयार करून दाखवलीस आणि तिला कुठे धरून ठेवलं नाहीस, तर फंक्शन संपताच पायथन ती झाडून टाकतो. खिडकी क्षणभर लुकलुकते आणि जाते. तिला एखाद्या टिकणाऱ्या नावाशी बांधून ठेव.

प्रश्न : आमचं मसाल्याचं दुकान आहे. भाच्याने पायथनच्या टीकिंटरमध्ये बिलं करायचा प्रोग्रॅम करून दिला. भाचा आता पुण्याला नोकरीला आहे आणि त्याला सारखं बोलावणं बरं दिसत नाही. तीन तक्रारी आहेत. भाव बदलून ठेवले तरी कधी नवे दिसतात, कधी जुने. अक्षरं मोठी कर म्हटलं तर भाचा म्हणतो केली आहेत, पण आम्हाला बारीकच दिसतात. आणि नवा संगणक लिनक्सचा घेतला तर ‘मिरची’च्या जागी भलतंच काही दिसतं. (लालबाग)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मी दादरहून चालतच आले होते, तुम्हाला आठवत असेल. एप्रिलचा शेवट, डंकासमोर भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायकांची रांग, आणि तुम्ही मला गल्ल्यामागे स्टुलावर बसवून लिंबू सरबत दिलंत. तिथे जे पाहिलं ते इतर वाचकांसाठी इथे लिहिते, कारण ही दुखणी एकट्या तुमची नाहीत.

भावांचं आधी. तुमच्या भिंतीवर भाच्याच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे, दोन आज्ञांचा. पहिली आज्ञा प्रोग्रॅमच्या फोल्डरात जाण्याची, दुसरी प्रोग्रॅम चालवण्याची. तुम्ही सकाळी त्या टाइप करता. दुपारी गल्ल्यावर बसणारा मुलगा मात्र डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक करतो. मी शोध घेतला तर भावांची फाइल एक नाही, दोन निघाल्या. एक प्रोग्रॅमच्या फोल्डरात, दुसरी घरच्या फोल्डरात. एकीत ब्याडगी किलोला ६२०, दुसरीत ५८०. दोघंही आपापल्या परीने बरोबर होतात, प्रत्येकाची वही वेगळी होती इतकंच.

असं होतं कारण भाच्याने फाइलीचं नुसतं नाव लिहिलं आहे, पत्ता लिहिलेला नाही. नुसतं नाव दिलं की प्रोग्रॅम त्या वेळी ज्या फोल्डरात उभा असेल तिथे फाइल शोधतो, आणि नसेल तर तिथेच नवी करतो. चिन्हावरून उघडला की तो घरच्या फोल्डरात उभा असतो. सेटिंगला प्रत्येक व्यवस्थेत ठरलेली जागा आहे. लिनक्सवर घरच्या फोल्डरातलं डॉट-कॉन्फिग, विंडोजवर अ‍ॅपडेटा. पूर्ण पत्ता तिथला द्यायचा. मी तो बदल करून दिला आहे आणि दोन्ही फाइली एकत्र केल्या आहेत. कोणता भाव खरा ते तुम्ही सांगितलंत तसं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट बदलली. प्रोग्रॅम भाव जपून ठेवायचा तो बंद करताना. दुकानात वीज गेली की दिवसभराचे बदल गेले. आता भाव बदलला की लगेच लिहिला जातो, तोही आधी दुसऱ्या नावाच्या फाइलीत, आणि पूर्ण लिहून झाल्यावर तिचं नाव बदलून. अर्धवट लिहिलेली फाइल राहण्याची भीती त्यामुळे उरत नाही.

अक्षरांचं सांगते. भाच्याने ओळ लिहिली होती हे खरं आहे. ‘सगळीकडे फॉन्ट १६’ अशी ऑप्शन-अ‍ॅडची ओळ, पण फाइलीच्या तळाशी, सगळी लेबलं आणि रकाने तयार झाल्यावर. टीकेमध्ये (टीकिंटरच्या पोटात असलेला खिडक्या-बटणांचा मूळ संच) अशा ओळींची यादी वस्तू तयार होताना वाचली जाते, आधी झालेल्यांना ती लागू होत नाही. तीच ओळ उचलून मुख्य खिडकी तयार झाल्याच्या लगेच खाली ठेवली आणि अक्षरं मोठी झाली. एक शब्दही बदलला नाही, जागा बदलली. ज्यांना चालू असतानाच अक्षरं लहानमोठी करायची असतील त्यांनी टीकेचे नाव दिलेले फॉन्ट बदलावेत. ‘टीके-डिफॉल्ट-फॉन्ट’ बदलला की तो वापरणाऱ्या उघड्या खिडक्याही लगेच बदलतात.

उधारीच्या खिडकीतले रकाने कोरे राहत होते, तेही तिथेच दिसलं. भाच्याने दुसरी खिडकी काढतानाही टीके हेच बोलावलं होतं. टीके दुसऱ्यांदा बोलावलं की नुसती खिडकी उघडत नाही, टीसीएलचा, म्हणजे टीके ज्या भाषेवर चालतं तिचा, सगळा दुभाष्याच नवा उभा राहतो, आणि पहिल्याकडची चलं (व्हेरिएबल) त्याला दिसत नाहीत. टीके एकदाच. पुढच्या सगळ्या खिडक्या टॉपलेव्हलने.

राहिली मिरची. तुमच्या पडद्यावर मला ‘मरिची’ दिसली. ‘ब्याडगी’तला ब मोडून पाय खाली सोडून बसला होता, आणि ‘तेजपत्ता’चे दोन त एकमेकांशी अबोला धरल्यासारखे सुटे. हळद आणि धणे मात्र व्यवस्थित, कारण त्यांत ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व इकार. यात फॉन्टचा दोष नाही. तुम्ही तीन फॉन्ट बदलून पाहिलेत, त्यांतला नोटो सान्स देवनागरी तर उत्तम आहे. आपल्या लिपीत इकार टाइप होतो व्यंजनानंतर आणि दिसावा लागतो व्यंजनाआधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची सांधणी करणारा वेगळा कारागीर लागतो. विंडोजवर टीके ते काम विंडोजकडून करून घेतं, म्हणून तुमच्या जुन्या संगणकावर मिरची मिरचीच होती. लिनक्सवर टीकेची ८.६ मालिका अक्षरामागून अक्षर ठेवत जाते. क्यूटी आणि जीटीके (खिडक्या-बटणांचा असाच आणखी एक संच) दोन्हींमध्ये हार्फबझ नावाचा कारागीर हे काम करतो, म्हणून तिथे मराठी नीट दिसतं.

तेव्हा काका, यावर सेटिंगमधला उपाय मी देऊ शकत नाही. दुकानाच्या पाट्या आणि मालाची नावं मराठीतच राहावीत असं तुम्ही ठामपणे म्हणालात आणि ते मला मनापासून पटलं. प्रोग्रॅमचा पडद्याचा भाग क्यूटीवर न्यावा लागेल. हिशेबाचा भाग भाच्याने वेगळ्या फाइलीत ठेवला आहे, त्याला हात लावावा लागणार नाही. भाचा हुशार आहे, त्याला माझं पत्र दाखवा.

प्रश्न : मी जीटीके ३ मधला सी भाषेतला जुना प्रोग्रॅम जीटीके ४ वर आणतो आहे. जीटीके-इनिट आता आर्गसी आणि आर्गव्ही घ्यायला तयार नाही. मग आज्ञेच्या ओळीवरचे पर्याय द्यायचे कुणाला? शिवाय जीटीके-अ‍ॅप्लिकेशन वापरून पाहिलं तर चिन्हावर दुसऱ्यांदा क्लिक केल्यावर दुसरा प्रोग्रॅम उघडत नाही, पहिल्यातच आणखी एक खिडकी येते. (पवई)

उत्तर : जीटीकेचा जन्म कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गिंप हा चित्रांचा प्रोग्रॅम लिहिताना झाला, आणि सुरुवात कशी करायची याची त्याची पद्धत बराच काळ तीच राहिली. जीटीके-इनिट, खिडकी, जीटीके-मेन. २०२० च्या डिसेंबरात आवृत्ती ४ आली (क्यूटी ६ सुद्धा त्याच महिन्यात) आणि जीटीके-इनिटचे कंस रिकामे झाले. जीटीके-अ‍ॅप्लिकेशन वापरत असाल तर जीटीके-इनिट तुम्ही बोलावूच नका. आर्गसी आणि आर्गव्ही आता जी-अ‍ॅप्लिकेशन-रनला द्यायचे. तुमचे स्वतःचे पर्याय मुख्य पर्यायांच्या यादीत नोंदवा आणि हँडल-लोकल-ऑप्शन्स या संकेतात (सिग्नलमध्ये) वाचा.

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही ज्याला बिघाड समजता आहात ते मुद्दाम केलेलं आहे. तुम्ही जी ओळख दिलीत, उलट्या डोमेनसारखी टिंबांची, ती लिनक्सवर डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप द्यायच्या सोयीत, नोंदवली जाते. त्याच ओळखीचा दुसरा प्रोग्रॅम सुरू झाला की तो पहिल्याला निरोप देतो आणि निघून जातो. पहिल्याला ‘अ‍ॅक्टिव्हेट’ हा संकेत पुन्हा मिळतो. तुमच्या अ‍ॅक्टिव्हेटमध्ये ‘नवी खिडकी कर’ एवढंच लिहिलेलं आहे, म्हणून नवी खिडकी येते. आधी उघडी खिडकी आहे का विचारा. असेल तर तीच पुढे आणा, नसेल तर करा.

‘स्टार्टअप’ आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ यांत गल्लत करू नका. स्टार्टअप आयुष्यात एकदाच येतो. मेन्यूच्या क्रिया, सीएसएस, सेटिंग हे सगळं तिथे. अ‍ॅक्टिव्हेट कितीही वेळा येऊ शकतो. तुम्ही जीटीके-अ‍ॅप्लिकेशनचा स्वतःचा वर्ग केला असेल तर स्टार्टअपच्या फंक्शनमध्ये पहिली ओळ वडील वर्गाच्या स्टार्टअपला बोलावण्याची हवी. जीटीके खरं जागं होतं ते तिथे. त्याच्या आधी, वर्गाच्या इनिटमध्ये, एकही बटण तयार करू नका. भांडुपच्या पत्रातलीच चूक सीमध्ये अशी होते.

जी-सेटिंग्ज वापरणार असाल तर स्कीमाची फाइल (कोणती सेटिंग असतील त्याची यादी) संकलित करून जागेवर ठेवायला विसरू नका. ती सापडली नाही तर प्रोग्रॅम माफी न मागता बंद पडतो.

प्रश्न : क्यूटीतला माझा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर छान चालतो. मित्राच्या उबुंटूवर ‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन’ सुरू होऊ शकला नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करा, असं म्हणतो. तीन वेळा केला. (मुलुंड)

उत्तर : चौथ्यांदा करू नका. खिडकी-व्यवस्थेशी जोडणी करणारा भाग क्यूटीमध्ये वेगळा तुकडा असतो, प्लगइन. तो सापडला नाही किंवा त्याला लागणारी एखादी लायब्ररी नसली की हा संदेश येतो. मित्राच्या संगणकावर क्यूटी-डीबग-प्लगइन्स हे पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) १ करून प्रोग्रॅम टर्मिनलवरून चालवा. लांबलचक मजकूर येईल, त्यात कोणती लायब्ररी मिळाली नाही ते नावासकट असतं. क्यूटी ६.५ पासून एक्स-इलेव्हनशी जोडणाऱ्या एक्ससीबी प्लगइनला लिब-एक्ससीबी-कर्सर ही लायब्ररी लागते आणि ती पुष्कळ संगणकांवर नसते, माझा पहिला संशय तिच्यावर. विंडोजवर हाच संदेश आला तर प्रोग्रॅमशेजारी ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डर आणि त्यात क्यूविंडोज ही डीएलएल आहे का ते पाहा. विनडिप्लॉयक्यूटी हे अवजार ती सगळी जमवाजमव करून देतं.

प्रश्न : आमच्या रासायनिक प्रयोगशाळेत उपकरणातून येणारी आकड्यांची फाइल वाचून आलेख काढणारा प्रोग्रॅम मी सी-प्लस-प्लस आणि क्यूटीमध्ये लिहिला. सगळीकडे बरोबर चालतो. जर्मनीहून आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञाच्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र ०.७५ च्या जागी शून्य वाचतो. कोणतीही चूक दाखवत नाही, हीच मोठी भीती. (चेंबूर)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. कोसळणारा प्रोग्रॅम निदान ओरडतो, हा शांतपणे खोटा आकडा देतो. सी भाषेतला प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याचं लोकेल, म्हणजे देश-भाषेप्रमाणे आकडे वगैरे लिहिण्याची पद्धत, ‘सी’ असतं, म्हणजे दशांश टिंबाने. युनिक्स जातीच्या व्यवस्थांवर क्यूअ‍ॅप्लिकेशन तयार होताना सेटलोकेल बोलावून वापरणाऱ्याचं लोकेल लावतं. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम लावतात. मग अक्षरांतून आकडा काढणारं सीचं फंक्शन एटॉफ शून्य वाचतो, टिंब दिसताच थांबतो, आणि शून्य हातात देतो. आपल्याकडे इंग्रजी-भारत लोकेलमध्ये टिंबच असल्यामुळे हे तुम्हाला कधी दिसलं नाही.

क्यूअ‍ॅप्लिकेशनच्या ओळीच्या लगेच खाली सेटलोकेलने फक्त एलसी-न्यूमरिक (लोकेलचा आकड्यांपुरता भाग) पुन्हा ‘सी’ करा. क्यूटीच्या माहितीपुस्तकातही हाच सल्ला आहे. ओळ वर लिहिलीत तर उपयोग नाही, क्यूअ‍ॅप्लिकेशन ती पुसून टाकेल. क्यूलोकेलने आकडे छापत असाल तर फाइलीसाठी नेहमी क्यूलोकेल-सी वापरा आणि माणसांसाठी माणसांचं. मराठी लोकेलमध्ये आकडे देवनागरीत उमटतात. पडद्यावर ते सुंदर दिसतात आणि मला ते हवेच असतात, पण उपकरणाला पाठवायच्या फाइलीत गेले तर पलीकडचा प्रोग्रॅम ते वाचेलच असं नाही. तुमच्या जुन्या आलेखांपैकी त्या लॅपटॉपवर काढलेले सगळे पुन्हा काढा, एवढी विनंती.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा प्रोग्रॅम मी क्यूटीत केला. चाळीसेक हजार पुस्तकांची यादी आहे. तुम्ही मागच्या महिन्यात म्हणालात म्हणून सगळं एक्झेकच्या आधी नीट मांडलं. आता चिन्हावर क्लिक केल्यावर बराच वेळ काहीच दिसत नाही. ज्येष्ठ सभासद पुन्हा पुन्हा क्लिक करतात. (गिरगाव)

उत्तर : माझं सांगणं अपुरं राहिलं असणार. आधी मांडायचं ते ज्याच्यावाचून खिडकी उघडूच शकत नाही तेवढं. नावं, सेटिंग, फॉन्ट, शैली, खिडकीचा सांगाडा. चाळीस हजार पुस्तकं यात बसत नाहीत. नाटकातही तिसऱ्या अंकाचं सामान पहिल्या घंटेला रंगमंचावर आणून ठेवत नाहीत.

खिडकी दाखवा, एक्झेक सुरू होऊ द्या, आणि यादी भरण्याचं काम क्यूटाइमरच्या सिंगलशॉटने पुढे ढकला. मात्र शून्य मिलिसेकंदांचा टाइमर लावून आत चाळीस हजार ओळी एका दमात वाचल्यात तर खिडकी उघडेल आणि गोठेल. दोनशे-दोनशे ओळी वाचा, प्रत्येक खेपेनंतर पुढचा टाइमर लावा, म्हणजे मधल्या वेळात खिडकी स्वतःला रंगवू शकेल आणि माउसलाही उत्तर देईल. वाचन वेगळ्या धाग्यात (थ्रेडमध्ये) नेलंत तरी चालेल, पण त्या धाग्यातून तक्त्याला किंवा लेबलला हात लावू नका. वाचलेल्या ओळी संकेताने मुख्य धाग्याकडे पाठवा आणि तिथेच पडद्यावर टाका.

शोधाचा रकाना पहिल्यापासून चालू ठेवा. यादी पूर्ण भरली नसली तरी विचारलेलं पुस्तक थेट डेटाबेसातून काढता येतं. आणि खाली ‘यादी भरत आहे’ एवढंच मराठीत लिहा, अक्षर मोठं ठेवून. काउंटरवर उभ्या असलेल्या आजोबांना तेवढं वाचता आलं की ते दुसऱ्यांदा क्लिक करणार नाहीत.